अजून जवळ जा

कामिउरा, ऑगस्टअखेर

प्रिय तोमोनोरी,

दातांच्या डॉक्टरकडे माझा नंबर यायला वेळ होता आणि समोरच्या टेबलावर प्रवासाचं मासिक पडलं होतं, म्हणून तुझा लेख माझ्या हाती आला. मी मुद्दाम शोधून वाचला असं तुला वाटू नये. 'प्रवासासाठी फिशआय भिंग: निवड आणि वापर.' वर तुझा फोटो. केस पिकलेत, पण हसू तेच, जगातल्या प्रत्येक वाटेने तुला नाव घेऊन बोलावल्यासारखं. दाढ दुखत होतीच. लेख वाचून आत गेले, तर दुखरी दाढ कोणती ते मला डॉक्टरांना सांगता येईना, कारण सगळेच दात मी आवळून धरले होते.

लेखाचा पहिला अर्धा भाग चांगला आहे. चांगला असणारच, तो माझा आहे. 'पुढची काच फुगीर असते, तिच्यावर संरक्षक काच बसत नाही, म्हणून जुनं भिंग घेताना ते उजेडात तिरकं धरून ओरखडे बघा.' हे तू शहरातल्या उमेदा स्टेशनाजवळच्या त्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ऐकलंस, काउंटरच्या पलीकडे उभा राहून, आणि सांगणारी मी होते. तुला आठवतं का, तू गोल चित्र देणारं भिंग मागायला आला होतास? काळ्या चौकटीत मधोमध गोल जग. मी म्हटलं होतं, "चार दिवस मजा वाटेल. पाचव्या दिवशी सगळं जग दाराच्या भोकातून बघितल्यासारखं वाटायला लागेल. तुम्हाला प्रवासाला जायचंय की शेजाऱ्यांवर पाळत ठेवायचीय?" तू इतका मोठ्याने हसलास की आतून मालक ओरडले, "मिसाओ, पुन्हा गिऱ्हाईक पळवतेयस का?" गिऱ्हाईक पळालं नाही. पळालं असतं तर बरं झालं असतं.

मग मी तुला चौकट भरून टाकणारं भिंग काढून दिलं, आणि त्यासोबत सगळं सांगितलं. यात तुझेच बूट येतील, तुझी बोटं येतील, मागे सूर्य असला तर तुझी सावली येईल. क्षितिज बरोबर मधोमध ठेवलंस तर सरळ राहील, जरा वरखाली झालं की धनुष्यासारखं वाकेल. लहान जागेत वापर, जिथे पाठ भिंतीला लागली तरी समोरचं मावत नाही. माणसाला कडेला ठेवू नकोस, त्याचं डोकं भोपळ्यासारखं होतं आणि तो तुला आयुष्यभर माफ करत नाही. हे सगळं तुझ्या लेखात आलंय, भोपळ्यासकट. फक्त एक गोष्ट आली नाही. मी म्हटलं होतं, यातून सगळं असतं त्यापेक्षा लांब दिसतं. हात लावता येईल इतकं जवळ आलेलं माणूसही रस्त्यापलीकडे आहे असं वाटतं. म्हणून अधूनमधून कॅमेऱ्याचा डोळा सोड आणि आपल्या डोळ्याने बघ. तेवढं एक वाक्य तू गाळलंस. त्याच्या जागी लिहिलंस, 'जवळ जा. भीती वाटली की अजून जवळ जा. तुम्ही धाडस केलंत, तर चित्राचा विषय आपणहून तुमच्याकडे झेपावतो.' आणि शेजारी पानभर माझ्या दादाचा फोटो.

आपण एकत्र फिरलो त्या चार वर्षांतल्या फोटोंबद्दल माझी तक्रार नाही. मी रागीट आहे, खोटी नाही. दक्षिणेकडच्या बेटांवर जाणाऱ्या त्या बोटीतली झोपायची खोली आठवते? जमिनीवर ओळीने चटया, त्यावर पाय पसरून पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्या. तू मधोमध जाऊन बसलास, आधी त्यांना भिंग हातात दिलं, त्यांनी त्यातून एकमेकींची नाकं बघून पोट धरून हसून घेतलं, आणि मगच तू कॅमेरा डोळ्याला लावलास. फोटोत चारही कोपऱ्यांतून पाय मध्ये आले होते, फुलाच्या पाकळ्यांसारखे. एकीने तुझ्या तोंडात संत्र्याची फोड कोंबली होती. तेव्हा तू विचारून बसायचास. मी त्या माणसाशी लग्न करणार होते.

त्याच माणसाला मी पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा दादाने ते भिंग आपल्या रुंद तळहातावर ठेवून फिरवून फिरवून बघितलं. "हे काय, बेडकाचा डोळा?" तू म्हणालास, "माशाचा. माशाला पाण्याखालून वरचं सगळं एकदम दिसतं म्हणे." दादा म्हणाला, "असं? सगळं दिसतं, तर मग रोज सकाळी आमच्या बाजारात एवढे मरून कसे पडतात?" सगळ्यात जास्त तूच हसलास. फुमिए वहिनीने तुझ्या ताटात सगळ्यात मोठा खेकडा वाढला आणि दादाला दटावलं, "पाहुण्याला जेवू द्या हो!" तो दादाचा लाड होता, हे तुला कळलं होतं. आमच्या किनाऱ्यावर ज्याला टोमणे मारत नाहीत, त्याला घरचा समजत नाहीत.

आता सणाच्या त्या दिवसाचं. तुला सगळं माहीत आहे, पण तुझ्या वाचकांना नाही, म्हणून एकदा कुठेतरी नीट लिहून ठेवायला हवं. आमच्या गल्लीचा रथ चार टनांचा आहे. शेकडो माणसं दोर धरून तो पळवत आणतात आणि न्हाव्याच्या दुकानापाशी, पळण्याचा वेग न सोडता, काटकोनात वळवतात. वळवणारी माणसं दोन, पुढच्या चाकांपाशी, हातात लाकडी तरफा घेऊन रथासोबत धावणारी. वळणाच्या आतल्या बाजूच्या माणसाने बरोबर क्षणी तरफ चाकाखाली दाबायची, रथ तिच्यावर फिरला की ओढून घ्यायची आणि स्वतः बाहेर उडी मारायची. ते काम दादाचं होतं. म्हणून तर आदल्या दिवशी त्याने न्हाव्याला सांगून वरच्या मजल्याची खिडकी तुझ्यासाठी मोकळी करून घेतली आणि तुला बजावलं, "वरून काढ. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला पाय ठेवलास, तर रथाची वाट बघणार नाही, मीच चिरडीन तुला." तू वाकून नमस्कार केलास.

पहिल्या फेरीत तू माझ्या शेजारी खिडकीत होतास. काढलेले फोटो बघितलेस आणि तुझं तोंड पडलं. रथ खेळण्यातला दिसत होता आणि माणसं मुंग्या. मी म्हटलं, वरून असंच येणार, साधं भिंग लाव. तू म्हणालास, "जरा पाणी पिऊन येतो." दुसऱ्या फेरीला रथावरची बासरी ऐकू आली, तरी तू आला नव्हतास. वहिनीने माझा हात दाबला आणि खाली बोट दाखवलं. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, विजेच्या खांबाला पाठ लावून, तू उकिडवा बसला होतास. मी तुझं नाव घेऊन ओरडले. ढोलांमध्ये कुणाला ऐकू जाणार?

दोर तुझ्यासमोरून गेला. माणसं गेली. काहींनी तुला बघितलं, पण पळत्या दोरावरचा माणूस थांबू शकत नाही. रथ वळायला आला आणि तू कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाहीस. तुला वाटत होतं तो अजून लांब आहे. दादाने तुला बघितलं तेव्हा तरफ त्याच्या हातात होती. ती त्याने टाकली. आयुष्यात एकदाही वळणावर न टाकलेली तरफ टाकली, हात पुढे करून तुझ्या अंगावर उडी घेतली आणि तुला ढकललं. तू गटाराच्या कडेला जाऊन पडलास. तरफ नाही म्हणून रथ वळणाबाहेर फाकला आणि न्हाव्याच्या दुकानाची वळचण फोडून थांबला. मागचं चाक दादाच्या डाव्या पावलावरून गेलं. वहिनी पायातल्या सपाता तिथेच टाकून अनवाणी जिना उतरून गेली. तो आवाज नसलेला जिना मला अजून स्वप्नात दिसतो.

इस्पितळाच्या व्हरांड्यात तू आमच्यासोबत बसला होतास, कोपर खरचटलेलं, त्यावर पट्टी. आत दादाचा पाय घोट्याच्या वरून काढत होते. मला वाटलं तू मान खाली घालून बसलायस. मग तुझ्या मांडीवर उजेड दिसला. तू कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघत होतास. माझी चाहूल लागली तसा बंद केलास, पण त्याआधी मला तुझा चेहरा दिसला होता. तुझे डोळे चमकत होते. मला ते रडू वाटलं असतं तर किती सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तू तोक्योला गेलास, काम आहे म्हणून. एक खरबूज पाठवलंस, लाकडी पेटीतलं, रिबीन बांधलेलं. मी ते खिडकीतून फेकणार होते. दादाने हिसकावून घेतलं, वहिनीला चिरायला लावलं आणि खाऊन झाल्यावर म्हणाला, "खरबूज गोड निघालं. पाठवणारा कच्चा निघाला." त्यानंतर तू फोन उचललास तो एकदाच, फोटोला बक्षीस मिळाल्यावर. 'जल्लोष' असं नाव दिलं होतंस त्याला. उमेदा स्टेशनात खांबाखांबावर दादाचं तोंड लागलं होतं, डोळे फाटलेले, जबडा उघडा, हात एवढा मोठा की माणसाला मुठीत धरेल, आणि मागे कमानीसारखा वाकलेला रथ. खाली लोक थांबून म्हणत होते, बापरे, काय रानटी उत्साह या लोकांचा! मी रोज त्या खांबांमधून कामावर जात होते. तू फोनवर म्हणालास, "मिसाओ, तो क्षण खरा होता." क्षण खरा होता, तोमोनोरी. नाव खोटं होतं. तो हात तुझ्यासाठी पुढे आला होता. आणि त्या उघड्या तोंडातून निघत होतं, "हट, गाढवा!" एवढंच. त्याला जल्लोष म्हणायला तुझी जीभ कशी उचलली?

गल्लीत एकदोघी मला म्हणाल्या, भिंग तूच दिलं होतंस ना त्याला? दिलं होतं. कसं वापरायचं तेही सांगितलं होतं. अर्धंच ऐकणारा कान माझा नव्हता. त्यांच्या घरी मी तेव्हापासून चहा घेत नाही. दुकानातली नोकरी मात्र सोडली. आता इथे गावातच माझा छोटा स्टुडिओ आहे. पारपत्राचे फोटो, किमोनो घातलेल्या रुसक्या मुली, आणि म्हातारी माणसं, जी स्वतःच्या अंत्यविधीसाठी आधीच चांगला फोटो काढून ठेवायला येतात आणि मला दम देतात की सुरकुत्या काढल्यास तर भूत होऊन येईन. साधी, सरळ भिंगं वापरते. नाकाच्या जागी नाक येतं.

दादाबद्दल तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. इमारतींना परांच्या बांधणारा माणूस तो, वाऱ्यात लोखंडी नळीवरून चालणारा. ते गेलं. त्याच ठेकेदाराच्या आवारात बसून तो आता इतरांना नळ्या आणि क्लॅम्प मोजून देतो आणि वर बघत नाही. पहिली काही वर्षं सणाच्या दिवसांत तो वहिनीच्या माहेरी डोंगरात जाऊन राहायचा, बासरी ऐकू येऊ नये म्हणून. एका वर्षी जायची पिशवी भरून दारात ठेवली आणि मग तीच उचलून परत आत ठेवली. त्या दिवशी संध्याकाळी तरफवाल्यांच्या सरावाला जाऊन बसला. नकली पायाने जमीन ठोकत ओरडायचा, "आता दाब! आता सोड! सोड म्हटलं ना, सासरवाडी आहे काय तुझी चिकटून बसायला?" वहिनी म्हणते, पाय गेला पण आवाज दुप्पट झाला. यंदा गल्लीने त्याला सणाचा प्रमुख केलंय. त्याच्या हुकमाशिवाय रथ हलणार नाही. प्रमुखाचा जाड अंगरखा शिवून आला, तेव्हा तो घालून तो आरशापुढे बराच वेळ उभा होता आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत होतो.

तुझ्यावर तो कधीच चिडला नाही. हीच गोष्ट मला सगळ्यात असह्य होते. त्याच्या वाटचा राग मलाच सांभाळावा लागला, माझा होताच, त्यात त्याचा. तुझा लेख मी डॉक्टरांच्या मासिकातून फाडून आणला आणि त्याच्यापुढे आपटला. त्याने चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचला. 'झेपावतो' या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "हे मात्र बरोबर आहे. झेपावलो होतो." मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी तो स्टुडिओत आला, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला, नकली पाय काढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "मिसाओ, तोमोनोरीला सणाला बोलव." मी म्हटलं, गावात माणसं संपली का? तो म्हणाला, "प्रमुखाला एक पाहुणा बोलावता येतो. माझा तो." मी तोंडाला येईल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "हे बघ, मी एका माणसाला ढकललं. चांगलं जोरात ढकललं. तो कुठे जाऊन पडला ते बघायचं राहूनच गेलं." मी म्हटलं, तोक्योत पडलाय, मजेत आहे. "मजेत आहे का ते मी बघतो ना. एवढ्या महागात वाचवलेला माणूस, एकदा बघू तरी दे." मी विचारलं, आणि त्याने ते भिंग आणलं तर? "आणू दे. मी त्याच्या शेजारी उभा असेन. फार वेळ डोळा लावून बसला, तर कॉलर धरून मागे ओढेन. त्या कामाला दोन पाय लागत नाहीत." मग जाता जाता दारातून म्हणाला, "पत्र तूच लिही. माझं अक्षर वाईट आहे." तेव्हा, तोमोनोरी, हे आमंत्रण आहे. सप्टेंबरमधला सणाचा शनिवार, दुपारी, न्हाव्याच्या दुकानासमोर, दोराच्या बाहेरच्या बाजूला. वहिनी खेकडे उकडणार आहे. तुझं ताट मी वाढणार नाही, पण ते वाढलेलं असेल. दादाने बजावलंय, प्रेमाने लिही. मला जमलं तेवढं लिहिलं.

तुझी कुणीही नसलेली,
मिसाओ